खालमान्या पूल

त्या दिवशी किनुएनं नाव तीनदा पुसली. एकदा रोजची म्हणून, एकदा पाहुणे यायचे होते म्हणून आणि तिसऱ्यांदा हातांना काहीतरी चाळा हवा म्हणून. तळ्याकाठच्या त्या किल्ल्याला जुना खंदक आहे आणि खंदकातून पाहुण्यांना फिरवून आणणाऱ्या नावा आहेत, लांबट, बसक्या, वर कापडी छपराच्या. हिवाळ्यात नावेत ठेंगणं मेज मांडतात, त्यावर जाड गोधडी घालतात आणि आत शेगडी ठेवतात. बूट काढायचे, पाय गोधडीत सारायचे आणि बाहेर पडणारा बर्फ बघत बसायचं. ऐन फेब्रुवारीतही माणसं येतात ती या उबेपायी.

किनुए इतोहारा बावन्न वर्षांची. तीस वर्षं तिनं सहलीच्या बसवर माहिती सांगण्याचं काम केलं होतं. हातात पांढरे मोजे आणि जिभेवर साखर. "डावीकडे कृपया नजर टाकावी... तसदी दिल्याबद्दल क्षमा असावी..." आई झोपेतसुद्धा असंच बरळते, असं चिहो, म्हणजे तिची एकुलती एक लेक, तिला चिडवायची. बसचं काम सुटल्यावर किनुएनं नाव चालवायचा परवाना काढला, त्याला आता चार महिने झाले होते.

आज नावेत चिहोचे होणारे सासूसासरे बसणार होते. दोन्ही घरांची ही पहिलीच भेट. नवरा मुलगा कामात अडकला होता, तो संध्याकाळच्या गाडीनं यायचा होता. दुपारचं जेवण तळ्याकाठच्या एका खानावळीत झालं, तळ्यातल्याच शिंपल्यांचं सार आणि भाजलेला मासा. सासरे मुकाई हे निवृत्त मुख्याध्यापक, बोलघेवडे आणि मनानं मोकळे. सासूबाई फुसाको मात्र मोजकं बोलणाऱ्या. जेवताना त्या हळूच म्हणाल्या, "नाव चालवता? या वयात... किती कष्ट पडत असतील नाही?" शब्द गोड होते, पण किनुएला ते मासळीच्या काट्यासारखे घशात टोचले. बाप नसलेली पोर आणि नाव चालवणारी आई, असं काहीतरी त्या मनात मांडत असणार. आपल्या वागण्यात आज बोट ठेवायला जागा राहू द्यायची नाही, असं किनुएनं तिथंच ठरवलं. पोरीचं कल्याण व्हायचं तर एवढं करायलाच हवं होतं.

खंदकावर चौदा पूल आहेत. त्यातले तीन इतके ठेंगणे की नावेचं छप्परच खाली आणावं लागतं. बटण दाबलं की छप्पर घरघरत उतरतं आणि माणसांनी पुढे वाकून गाल गोधडीवर टेकायचा. मागे बसलेला नाववालाही त्यातून सुटत नाही. उलट तोच सगळ्यांत जास्त वाकतो, हनुवटी थेट गुडघ्यांना लावून. पूल गेला की "आता मान वर करावी" असं सांगून छप्पर वर घ्यायचं. दोन पुलांवर हे असं. तिसऱ्यावर नाही.

त्या तिसऱ्या पुलाला गावात 'उत्सुमुकी' म्हणतात. आपल्या बोलीत सांगायचं तर खालमान्या. तिथं नाववाला तोंडातून अक्षर काढत नाही. नाव पुरती बाहेर आली की बांबूनं काठावर दोन टोले देतो, माणसं काय ते समजतात. किनुएला काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या रिहेईनं पहिल्याच दिवशी तिला बजावलं होतं. तेव्हा ती हसली होती. रिहेई हसला नाही.

त्यानं सांगितलं ते असं. फार जुन्या काळी तळ्याचं तोंड गाळानं बुजलं आणि काठच्या गावांची शेतं पाण्याखाली गेली. गाळ काढा, असा अर्ज घेऊन सात गावकरी नावेतून किल्ल्याकडे आले. सरदार त्या पुलावर उभा राहिला आणि नाव पुलाखाली थांबवायला लावली. सातही जण फळीला कपाळ टेकून पडून राहिले. त्यांना दिसत नव्हतं, पण पुलाखाली दोन्ही बाजूंना छातीएवढ्या पाण्यात एकेक तलवारवाला उभा होता. वरून हुकूम झाला, मान वर करा. सातांनी माना वर केल्या. पाणी आठवडाभर लाल होतं म्हणतात.

"का मारलं ते काही मला ठाऊक नाही बाई," रिहेई म्हणाला होता. "पण पाण्यातल्या त्या दोघांना 'आता घरी जा' असं कुणी सांगितलं नाही. एवढं ठाऊक आहे."

आता म्हाताऱ्या माणसाचं बोलणं, कुणी किती मनावर घ्यावं. पण किनुएनं नियम पाळला होता. चार महिन्यांत त्या पुलाखाली तिनं कधी शब्द काढला नव्हता.

अडीचच्या सुमारास नाव सुटली. बर्फ भुरभुरत होता. काठावरचे पाइन वृक्ष पांढरे झाले होते आणि त्यांच्या वर किल्ल्याचा काळा बुरूज. डोक्यावर गवती टोपी, गळ्याला गडद निळा पंचा आणि अंगात रुईभरला कोट घालून किनुए मागे बसली होती. मुकाई दांपत्य मेजाच्या एका बाजूला, समोर चिहो. पहिले दोन पूल छान गेले. वाकताना फुसाकोबाईसुद्धा खुदकन हसल्या आणि किनुएचा जीव भांड्यात पडला.

मुकाईंना किल्ला बघून चेव आला होता. सरदारांचे दरबार कसे भरत, कोण कुठं बसे, ते चिहोला रंगवून सांगत होते. मग म्हणाले, "तुला माहितेय का पोरी, सरदारानं 'मान वर करा' म्हटलं तरी लगेच करायची नसते. पहिल्या हाकेला तसंच पडून राहायचं. आमची काय लायकी, असं दाखवायचं. दुसरी हाक आली की मगच वर बघायचं. बिचाऱ्या खेडवळांना हे कुठं ठाऊक... पहिल्या हाकेलाच वर बघायचे, आणि मग..." हाताची कड त्यांनी स्वतःच्या मानेवरून फिरवली.

शुभकार्याच्या दिवशी हे काय बोलणं, असं म्हणून फुसाकोबाईंनी त्यांना दटावलं. चिहो हसली. किनुएला मात्र रिहेईच्या गोष्टीतला न सापडलेला तुकडा आत्ता सापडला आणि पंच्याखाली तिची मान शहारली.

पुढ्यात उत्सुमुकी पूल आला. दगडी, शेवाळलेला, पाण्यावर अगदी ओणवा झालेला. किनुएनं बटण दाबलं. छप्पर उतरलं, सगळे वाकले. तिनं टोपी गुडघ्यांशी नेली. नाव आत शिरली आणि उजेड गेला.

पुलाखालचा अंधार रोज पंधरा-वीस श्वासांत संपतो. त्या दिवशी तो संपेना. इंजिनचा आवाज दगडांवर आपटून जाड झाला होता. शेगडीच्या उबेत मिसळून कसलासा वास येत होता, चिखलाचा आणि भिजलेल्या लोखंडाचा. फुसाकोबाई कुजबुजल्या, "अहो... अजून किती?" त्या आवाजात नाराजी होती, निदान किनुएला ती ऐकू आली. पुढे पांढरी फट दिसू लागली तशी किनुए सावरली. आता बांबूचे दोन टोले द्यायचे. पण व्याह्यांच्या डोक्याशी टोले मारायचे, गुरं हाकल्यासारखे? एवढा संकोच तिला वाटला, क्षणभरच. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. तीस वर्षं जिभेवर बसलेलं वाक्य तेवढ्यात आपोआप बाहेर पडलं.

"तसदीबद्दल क्षमा असावी... आता मान वर करावी."

नावेचं टोक उजेडात होतं. मागची बाजू अजून पुलाखाली होती.

इंजिन बंद पडलं. त्या शांततेत नावेच्या दोन्ही बाजूंनी पाण्यातून कोणीतरी चालत आलं, छातीएवढ्या पाण्यातून चालताना पाणी जसं जडपणे बाजूला होतं, तसा आवाज. मग नावेच्या आरपार गार वारा गेला, या काठापासून त्या काठापर्यंत. आवाज फार लहान झाला. ताज्या पांढऱ्या मुळ्यातून नवी सुरी जावी तेवढाच.

नाव आपली आपण वाहत बाहेर आली. छप्पर वर उचललं जाऊ लागलं आणि निम्म्यावर अडकलं. बसल्या माणसाला डोकं उचलता येईल, उभं राहता येणार नाही, एवढंच. बाहेर बर्फ पडत होता. किनुएनं ओणव्यानंच, कपाळाखालून पुढे पाहिलं. तिघंही गोधडीवर गाल टेकून होते. तिघंही धड होते. काही झालं नव्हतं.

"काय हो विहीणबाई," मुकाईंचा हसरा आवाज आला, "पहिली हाक झाली. आम्ही शिकलेली माणसं, आम्ही काही लगेच मान वर करणार नाही. दुसरी येऊ द्या."

किनुएनं तोंड उघडलं. मुकाईंच्या पांढऱ्या कॉलरच्या वर, मानेच्या मागच्या बाजूला, केसाएवढी बारीक लाल रेघ होती. कानापासून कानापर्यंत, पट्टीनं आखल्यासारखी सरळ.

"वर करू नका," तिला कसंबसं म्हणता आलं. "मुकाईसान... मान वर करू नका..."

"आता हे काय नवीन?" असं म्हणत मुकाई हसत उठून बसले.

उठलं ते धड. डोकं गोधडीवरच राहिलं, गाल टेकलेलं, ओठांवर हसू तसंच. धडानं सवयीनं कोट सारखा करायला हात उचलला आणि मग मानेतून रक्ताचा लोट उसळून छपराला लागला. तिथून तो मेजावर, चहाच्या पेल्यांत, फुसाकोबाईंच्या केसांवर गरम गरम पडला. डोळे अजून फिरत होते. ओठ "दुसरी" हा शब्द पुरा करू बघत होते.

किनुए किंचाळली, कोणीही हलू नका म्हणून. पण नवऱ्याचं रक्त डोक्यावर ओतलं जात असताना कुठली बायको पडून राहील? फुसाकोबाईंनी झटक्यात मान वर केली. ती मान वर गेलीच नाही. डोकं मागं कलंडलं, मणक्यावरून सुटलं आणि नावेच्या तळात धपकन पडून गडगडत किनुएच्या गुडघ्यांपाशी आलं. त्यांचे हात मात्र बराच वेळ गोधडी चिमटीत धरून ओढत राहिले.

चिहो तशीच होती. वाकलेली, केस पुढे पसरलेले. "आई..." ती म्हणाली, "आई, काय झालं? माझ्या अंगावर काय सांडलंय? उठू का?"

किनुए रक्तातून सरपटत लेकीपाशी गेली. तिच्यावर ओणवी झाली आणि दोन्ही हातांनी तिचं डोकं गोधडीवर दाबून धरलं. केस बाजूला केले तर मानेवर लाल होतंच. तिनं हात सैल पडू दिले नाहीत.

"उठायचं नाही राणी. डोळे मिट. आई इथंच आहे. मी हात काढणार नाही... तू फक्त मान हलवू नकोस."

नाव काठाला घासत थांबली तेव्हा रिहेई धावत आला. आत डोकावून तो काठावरच मटकन खाली बसला. मग माणसं जमली, पोलीस आले. छपराच्या लोखंडी कडेनं कापलं असणार, असं कोणीतरी म्हणालं. दुसरं कोण काय म्हणणार. किनुएला ते लांबून ऐकू येत होतं. तिनं लेकीला सोडलं नाही. चिहोला पालथी उचलून स्ट्रेचरवर घेतली, तेव्हा ती तिच्यावर ओणवी होऊन बरोबर चालत राहिली. गाडीतही तशीच. कोणी खांद्याला धरून सरळ करू पाहिलं की ती गुरगुरायची, पिलाशी बसलेल्या मांजरीसारखी. शेवटी त्यांनी तिचा नाद सोडला.

इस्पितळाच्या खोलीत चार वाजताचा पांढरा उजेड होता. डॉक्टर तरुण मुलगी होती, शांत स्वभावाची. तिनं किनुएला हात काढायला लावले नाहीत. बोटांच्या मधून, कडेकडेनं, चिहोची मान पाण्यानं पुसली, चाचपली, दिवा धरून पाहिली. मग परिचारिकेकडे बघून मान हलवली.

"इतोहारासान, हिला काहीसुद्धा झालेलं नाही. साधा ओरखडा नाही. सोडा आता."

किनुएचा विश्वास बसेना. चिहो उशीतून बोलली, रडून आवाज बसला होता. "आई, अगं खरंच... पुलाखाली मी गोधडीच्या आत शिरले होते. सासूबाईंचा हातमोजा पडला होता, तो शोधायला. माझी मान तेव्हा वर नव्हतीच, उजेड आल्यावर बाहेर येऊन मी पुन्हा गाल टेकला."

किनुएच्या बोटांतला जोर गेला. वाचली. पोर वाचली. तासभर आवरून धरलेलं रडू तिला एकदम आलं. दोन माणसं हकनाक गेली होती, तिच्या जिभेमुळे गेली होती, आणि तरी त्या क्षणी तिला फक्त आनंद झाला. त्याची लाज वाटायलाही तिच्यात त्राण नव्हतं.

"मग हे रक्त?" तिनं विचारलं.

"त्यांचंच असेल, उडालेलं," डॉक्टर म्हणाली आणि ओल्या कापसानं चिहोची मान शेवटची पुसून काढली. गोरी, स्वच्छ मान. त्या मानेवर टपकन एक लाल थेंब पडला.

डॉक्टरनं तो पुसला. दुसरा पडला.

वरून पडत होता.

चिहो सावकाश वळली, पलंगावर गुडघे मोडून बसली आणि तिनं खालून आईकडे पाहिलं. दुपारपासून एकदाही सरळ न झालेली आई. गळ्याभोवतीचा निळा पंचा भिजून काळा झालेला. त्या रंगावर रक्त कोणाला दिसणार होतं? चिहोच्या चेहऱ्यावर जे आलं, त्यावरून किनुएला सगळं समजलं. तिला दुखत नव्हतं. मानेभोवती फक्त गार होतं.

चिहोनं दोन्ही तळवे आईच्या मानेवर ठेवले आणि घट्ट दाबले.

"आई... हलू नकोस. मी धरलंय. आता मी धरलंय..."

"धर," किनुए पुटपुटली. "घट्ट धर."

परिचारिका खालच्या आवाजात शस्त्रक्रियेची खोली तयार करा म्हणून सांगायला निघाली. डॉक्टरनं पंच्याच्या गाठीला हात घातला. तेवढ्यात खोलीचं सरकतं दार बाहेरून कोणीतरी बोटभर उघडलं. चिखलाचा वास आत आला. मग एका पुरुषाचा आवाज आला, हलका, सावकाश, ज्याला जन्मात कधी कोणी नाही म्हटलेलं नाही असा.

"मान वर करा."

डॉक्टर आणि परिचारिका दोघी दाराकडे वळल्या आणि कमरेतून वाकल्या. का वाकलो, ते त्यांना पुढे कधी सांगता आलं नसतं. किनुए वाकलेलीच होती. तिनं दात आवळले. ही दुसरी हाक, हे तिला कळलं होतं. तरी करणार नाही, तिनं मनाशी म्हटलं. कोणीही सांगो. पोरीचं लग्न व्हायचंय, तिच्या सासरी तोंड दाखवायचंय, क्षमा मागायचीय. मी मान वर करणार नाही.

मग तिच्या मानेवरून चिहोचा उजवा तळवा निघाला. त्यामागून डावा. एवढ्या मानाच्या माणसापुढे दोन्ही हात समोर टेकूनच वाकायचं असतं, बोटं जुळलेली, अंगठे आत. चिहो तीन वर्षांची असताना किनुएनंच तिला ते शिकवलं होतं, चुकलं की हातावर हलकी चापट देत. आता ते दोन हात पांढऱ्या चादरीवर येऊन टेकले. एकही बोट वाकडं नव्हतं.

किनुए त्या हातांकडे बघत राहिली. मग तिला हातांपलीकडे चिहोची वाकलेली पाठ दिसली. मग पलंगाची दांडी दिसली, मग खिडकी, मग खिडकीबाहेर पडणारा बर्फ. मान तर तिनं हलवली नव्हती. तिच्या दोन्ही कानांवर कोणाचे तरी ओले, गार तळवे होते.